वेल्डिंग मारलेला आरसा

माणसाला आरसा दिसला की तो आधी केस सारखे करतो. मग आरसा न्हाव्याच्या दुकानातला असो, लिफ्टमधला असो, नाहीतर रस्त्याच्या वळणावर दहा फुटी खांबावर बसवलेला असो. मी शिडीवर उभा, तोंडात नट धरलेले, हातात पाना, आणि खाली एक साहेब चालू मोटारसायकलवर बसून माझ्या आरशात बघत भांग पाडतायत. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. मी वरनं ओरडलो, "अहो, चला की पुढं! गाड्या बघायचा आरसा हाय तो, थोबाड बघायचा नाय!" तर साहेब म्हणतात, "मामा, पण ह्यात तोंड लई बारकं दिसतंय." आता अशा माणसाला काय सांगायचं?

संपादकबाईंचा फोन आला. "रंगनाथमामा, आमच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले गोड अनुभव लिहून द्या." गोड! अहो बाई, काचेच्या धंद्यात बोटं कापतात. चाळीसेक वर्षं गारखेड्यात काचेचं आणि आरशांचं दुकान चालवलं. दुकानाच्या पाटीवर गावाचं नाव अजून औरंगाबादच आहे, कारण पेंटर दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. गोड असं फार काही आठवत नाही. पण हो म्हणून बसलो, आता लिहितो.

आमचं मूळ घर लासूर स्टेशनजवळच्या धनगरवस्तीवर. वडील मेंढरं राखायचे. मला ते जमेना, मेंढरू एकीकडं आणि मी भलतीकडं, म्हणून वडिलांनी वैतागून शहरात एका काचवाल्याकडं कामाला घातलं. बाकीची हकीगत सांगत नाही, तिच्यात वाचण्यासारखं काही नाही.

धंदा मात्र सांगतो, कारण निम्मी भांडणं लोकांना आरसा कळत नाही म्हणून होतात. तुम्ही कॅरम खेळला असाल. स्ट्रायकर कडेवर जेवढा तिरका मारता, तेवढाच तिरका तो पलीकडं निघतो. उजेडाचंही तेच आहे, उजेड आरशावर जेवढा तिरका येतो तेवढाच तिरका परत जातो. आता कॅरमची कड सरळ नसून फुगीर आहे असं धरा. एकाच दिशेनं चार स्ट्रायकर मारले तर चार दिशांना पांगतील. आणि कड आत खोलगट असली तर चारही एका जागी येऊन आदळतील. फुगीर आरसा म्हणजे बहिर्गोल. तो सगळं बारीक करून दाखवतो, पण लांबरुंद दाखवतो. खोलगट म्हणजे अंतर्गोल. त्याच्याजवळ तोंड नेलं की तोंड मोठं दिसतं, म्हणून तो दाढीला बरा, दातांच्या डॉक्टरला बरा. लांब उभं राहिलात तर तोच तुम्हाला उलटं टांगून दाखवतो. बास, एवढंच आहे. शाळेत ह्यासाठी चार आकृत्या काढून घेतात आणि पोरं घाबरतात.

हर्सूलच्या एका गृहस्थांनी दाढीसाठी मोठा खोलगट आरसा नेला. मी बजावून सांगितलं होतं, "साहेब, ह्याच्यावर ऊन पडू देऊ नका, नसला वापरात तर झाकून ठेवा." त्यांनी मान हलवली आणि आरसा नेमका पूर्वेच्या खिडकीसमोर भिंतीवर टांगला. समोर हात-दीड हातावर खुंटीला टॉवेल. सकाळचं कोवळं ऊन आरशावर आलं, सगळे किरण गोळा होऊन टॉवेलवर एका टिपक्यात पडले आणि टॉवेल धुमसायला लागला. दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात हजर. आरसा लाल फडक्यात गुंडाळलेला, वर लिंबू. म्हणे, "मामा, ह्या आरशात काहीतरी आहे." मी म्हटलं, "आहे ना, गोलाई आहे." त्यांना पटलं नाही. आरसा परत देऊन गेले, लिंबू मात्र काउंटरवर ठेवून गेले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, हे मुद्दाम सांगतो.

तर मूळ गोष्ट. मी सांगतोय ते दिवस टँकरचे होते. पाऊस लागोपाठ हुलकावणी द्यायचा, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि त्याच वेळी शहर मात्र चौफेर सुटलेलं. काल ज्या रानात ज्वारी होती तिथं आज तीन मजली सोसायटी. बांधणारे एवढे हावरे की भिंत पार रस्त्याच्या कडेला आणून टेकवायचे. त्यामुळं प्रत्येक वळण आंधळं. बोळातनं निघणाऱ्याला गल्लीतलं दिसत नाही, गल्लीतल्याला बोळातलं दिसत नाही. माझा धंदा त्यामुळंच वाढला, हे कबूल करतो. वळणावळणावर बहिर्गोल आरसे लागले. आणि त्यातले निम्मे टँकरांनीच फोडले.

गारखेड्यातल्याच एका सोसायटीचं काम आलं. मेन रोडवरनं एक गल्ली आत येते. तिला काटकोनात एक बोळ फुटतो, पुढं बंद. बोळात सोसायटीचं गेट, आणि कोपऱ्यावर सोसायटीचीच इमारत उभी. टँकर गल्लीतनं यायचा, कोपऱ्याच्या पुढं जायचा आणि मग रिव्हर्स घेत बोळात शिरायचा. दोन स्कूटरवाले तिथं एकमेकांवर आदळून झाले होते. बोळाच्या तोंडासमोर, गल्लीच्या पलीकडं खांब उभा करून त्यावर आरसा बसवायचा, असं ठरलं.

सोसायटीचे सेक्रेटरी जोशी सर. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. पहिल्याच भेटीत विचारतात, "मामा, ह्याची फोकल लेंथ किती?" मी म्हटलं, "सर, चोवीस इंची आरसा हाय." "तो व्यास झाला. मी नाभीय अंतर विचारतोय." मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर किरणाकृती काढली, कोन मांडले, खांब कुठं हवा ते काढून दाखवलं. आकृती सुरेख होती. त्याप्रमाणं खांब नेमका गटाराच्या झाकणावर येत होता. मी खांब हातभर बाजूला रोवला. माझी पद्धत साधी आहे. एक माणूस गाडीवर बसवायचा, गाडी जिथं येऊन थांबते तिथं. मी शिडीवर. तो सांगणार, "थोडा डावीकडं, थोडा खाली," आणि मी आरसा सरकवणार. सरकवायचाही बेतानं, कारण आरसा बोटभर फिरवला की त्यातलं दिसणं दोन बोटं फिरतं. अर्ध्या तासात काम झालं. सरांनी स्वतः गाडीवर बसून खात्री केली, आकृती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तंतोतंत तसंच आलं." 

आठवडा झाला नसेल, सरांचा फोन. "मामा, आरसा फिरलाय." गेलो. आरसा आभाळ दाखवत होता. कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं माकड. पुन्हा सरळ केला, नट आवळले. तळमजल्यावरचे एक काका बाहेर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा आमच्या दाराकडं बघतोय, वास्तुदोष होतो, जरा तिकडं वळवता येईल का?" मी म्हटलं, "काका, तो कुणाकडंच बघत नाय, तुम्ही त्याच्याकडं बघू नका." ते रागावले. मला वाटलं हेच ते माकड.

पुन्हा दहा दिवसांनी फोन. पुन्हा आरसा तसाच, वर तोंड करून, गल्लीच्या तोंडाकडं तिरका. नट ढिले नाहीत, नुसता दांड्यानं ढोसून फिरवलेला. मी पुन्हा बसवला. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा डोकंच फिरलं. दुकान बंद करून जायचं, शिडी सायकलवर बांधून न्यायची, उन्हात चढायचं, आणि कुणीतरी पाठ फिरली की पुन्हा फिरवणार. मी सरांना सांगितलं, "सर, तुम्ही बोलू नका कुणाला. आज सरळ करून जातो, उद्या सकाळी सकाळी येऊन बसतो."

सकाळी सातला येऊन समोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसलो. पंधरा मिनिटांत बोळातनं एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, हातात खराटा. खांबाखाली आल्या, इकडंतिकडं बघितलं, खराट्याचा दांडा वर करून आरशाच्या कडेला लावला आणि सराईतपणे ढोसला. एकदा वर, एकदा बाजूला. मग इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडं बघून अंदाज घेतला, आणखी एक बारीक ढोस दिला. खरं सांगतो, रागातसुद्धा मला वाटलं, हात चांगला आहे बाईचा.

"ओ बाई!" मी ओरडलो. "काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण पळाल्या नाहीत. "तुम्हीच का आरसेवाले मामा?"

"व्हय, मीच. तीन खेपा घातल्या तुमच्यापायी. हा काय तुमच्या घरचा आरसा हाय?"

बाईंचं नाव लता. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. बोलण्यावरनं आमच्याकडच्याच वाटल्या, विचारलं तर लासूरच्याच बाजूच्या, धनगराच्याच घरातल्या. नवरा कंपनीत शिफ्टला, त्या घरी शिलाई करायच्या, आणि सासू अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. सोसायटीत टँकरवरनं एकदा हाणामारी झाली होती, रिकामी भांडी रांगेत लावून लोक घरी जातात म्हणून. तेव्हापासून नियम केला, भांड्याचा नंबर नाही, माणूस उभा पाहिजे. आणि टँकरची वेळ काय? सकाळी नऊ ते दुपारी चार, कधीही.

"मामा, म्हातारीला सोडून चार-चार घंटे कशी उभी राहू? खिडकीला ग्रील हाय, डोकं भाईर निघत नाय. हा आरसा जरासा फिरवला का मला वरनं गल्लीचं तोंड दिसतं. टँकर आत शिरला का मी म्हातारीची कूस बदलते, दार वढते आन् कॅन घेऊन उतरते. बरोबर पोचते. नाय दिसला तर पाणी जातं. मग चार दिवस काय करू?"

मी म्हटलं, "बाई, तुमचं खरं हाय. पण तिथं गाड्या धडकल्या तर?"

"एकदा वर येऊन खिडकीतनं बघा तरी, मामा. काही तोड निघंल. मी च्या टाकते."

इथं मी चुकलो. चौथी खेप, रिकामं पोट, मोडलेली झोप, दुकान उघडायची घाई. मी म्हटलं, "चहाला येळ नाय मला. रस्त्याचा आरसा रस्त्यासाठी असतो. पुन्हा हात लावला तर सेक्रेटरीला नाव सांगीन." चार माणसं गोळा झाली होती, त्यांच्यासमोर म्हटलं. भाडेकरू बाई, तिला सभेत मत नाही, काही नाही. त्यांनी खराटा उचलला आणि गेल्या.

मी नाव सांगितलं नाही, पण वेल्डर घेऊन आलो. आरसा अचूक लावला, गाडीवर माणूस बसवून तीनदा तपासला, आणि क्लॅम्पला चारी बाजूंनी वेल्डिंग मारून टाकलं. जोशी सर खाली उभे होते. म्हणाले, "उत्तम! आता कोन कायम राहील." मीही खूश. आयुष्यात एवढा पक्का आरसा बसवला नव्हता. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आता हत्ती आला तरी हलत नाही. महिनाभर फोन नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग एक दिवस दुपारी फोन आला. सरांचाच. आवाज वेगळा. "मामा, अपघात झालाय. लताबाईंना टँकर लागला."

झालं होतं असं. टँकर आला, कोपऱ्याच्या पुढं गेला आणि लगेच रिव्हर्समध्ये बोळात शिरला. लताबाईंना तो दिसला नव्हता, नुसता आवाज ऐकू आला. त्या दोन कॅन घेऊन तीन जिने पळत उतरल्या आणि गेटातनं तशाच भरधाव बाहेर पडल्या, थेट मागं येणाऱ्या टँकरच्या पाठीमागं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पण कॅन चेंगरला आणि त्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन, सळई, दोन-तीन महिने खाटेवर. म्हातारी वरती एकटी ओरडत होती, ती अर्ध्या तासानं कुणाच्या तरी लक्षात आली.

दोन दिवसांनी सर दुकानात आले. पोलिसांनी विचारपूस केली होती, लताबाईंचा भाऊ गावाकडनं येऊन सोसायटीच्या नावानं ओरडत होता. सरांना माझ्याकडनं एक कागद हवा होता. मजकूर त्यांनीच लिहून आणला होता, व्याकरण एकदम चोख. आरसा योग्य कोनात, पक्का बसवलेला आणि स्वच्छ होता, त्यात बोळाचं तोंड स्पष्ट दिसत होतं. मी वाचला, दोनदा वाचला. एक शब्द खोटा नव्हता. उलट माझ्या कामाची तारीफच होती. मी दुकानाच्या लेटरहेडवर उतरवून दिला आणि खाली झोकात सही केली.

तो कागद सोसायटीच्या फळ्यावर लागला. त्याच्या खाली कमिटीची सूचना, की सुरक्षेची सर्व व्यवस्था असताना संबंधित भाडेकरू महिला स्वतःच धावत वाहनामागं गेल्या, तरी इतरांनी काळजी घ्यावी. म्हणजे माझ्या सहीच्या जोरावर सगळा दोष लताबाईंवर. भाऊ कागद वाचून गप बसला म्हणे.

त्यानंतर आठवड्याभरानं युसूफभाई दुकानात आला. हाच त्या टँकरचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, माझं जुनं गिऱ्हाईक. टँकरच्या बाजूचा आरसा बदलायचा होता. जुना कसा फुटला विचारलं तर म्हणाला, "मैंने ही फोड्या, मामा. पत्थर मारके. बाई उसमें कित्ती दूर दिखी मेरेकू! और थी एकदम पीछे."

मी काउंटरवर नवा आरसा ठेवला आणि नेहमीचं सांगायला लागलो, की फुगीर आरशात वस्तू बारीक दिसते आणि बारीक दिसली की डोळा फसतो, लांब आहे वाटतं. त्यानं हात जोडले. "वो सब मालूम है. बीस साल से गाडी चलाता. बात वो नहीं है." आणि म्हणाला, "मामा, पहले मैं उसके लिए रुकता था."

"रुकता था म्हणजे?"

"कोपरे के पास आया की सामने का बडा आइना दिखता ना मेरेकू. उसमें वो ऊपर खिडकी में दिखती थी. लाल कपडा हिलाती थी. मैं समझता था, बाई उतर री है. दो मिनट खडा रहता, टायर देखने का नाटक करता. वो नीचे आके लाइन में लगी की रिव्हर्स लेता. किसीकू बोला नहीं, उसने भी बोला नहीं. लोग बोलते ना, एक बाईके वास्ते टँकर रोकता. बाद में एक दिन देख्या तो आइने में खिडकीच नहीं. मैं समझा घर छोडके गए."

 माझ्या धंद्यातला सगळ्यात साधा नियम आहे, मी तो दुकानात येणाऱ्या शेंबड्या पोरालाही सांगायचो. उजेड ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परत येतो. आरशात मला तुम्ही दिसलात, तर तुम्हाला मी दिसणारच. त्यात अपवाद नाही. म्हणजे लताबाईंना त्या आरशात टँकर दिसत होता, तेव्हा टँकरवाल्याला लताबाई दिसणारच होत्या. एवढं कळायला जोशी सरांची आकृती लागत नाही. मी चाळीस वर्षं आरसे लावले आणि एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं बाई आरसा बिघडवतेय. तिचा आणि युसूफभाईचा एक बंदोबस्त तिथं चालू होता, आणि तो मी पैसे देऊन वेल्डिंगनं बंद केला.

तसाच उठून सरांकडं गेलो. म्हटलं, "सर, माझा कागद परत द्या." ते म्हणाले, "का? त्यात खोटं काय आहे?" "काहीच खोटं नाय." "मग?" मी त्यांना युसूफभाईचं नाव न घेता समजावून सांगितलं. सर हुशार माणूस, एका मिनिटात त्यांच्या लक्षात आलं. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "हो, किरण उलटा जातोच." मग म्हणाले, "पण मामा, फळ्यावरचा कागद आता काढला तर लोक विचारतील का काढला." मी म्हटलं, "विचारू द्या की!" पुढच्या सभेत विषय घेऊ, असं म्हणाले. त्या सभेत पार्किंगवर भांडण झालं आणि विषय राहिला. मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा मीच जाऊन फळ्यावरचा कागद फाडून आणला. कुणी काही विचारलं नाही. पण जे वाचायचं ते सगळ्यांनी तोवर वाचलेलं होतं.

त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर गेलो. पहिल्यांदा. ट्रकचा एक फुगीर आरसा, हात-दीड हात लोखंडी पट्टी, दोन क्लॅम्प आणि ड्रिल मशीन घेऊन गेलो. दार भावानं उघडलं. लताबाई खिडकीजवळच्या खाटेवर, पाय उशीवर. पलीकडच्या खाटेवर म्हातारी. मला वाटलं बाई तोंड फिरवतील, नाहीतर चार शिव्या देतील. मी त्या ऐकायच्या तयारीनं गेलो होतो.

"या मामा," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो नाही. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. "बाई, माझं चुकलं," एवढंच म्हटलं. त्या छताकडं बघत राहिल्या.  मग मी खिडकीशी गेलो आणि बाहेर बघितलं. खिडकी इमारतीच्या कोपऱ्यापासून जेमतेम हातभर होती. ग्रीलला पट्टी बांधून तिचं टोक कोपऱ्याच्या बाहेर काढलं आणि त्यावर छोटा आरसा लावला, की रस्त्याच्या आरशाला कुणी हात न लावता गल्लीचं तोंड खाटेवरनं दिसणार होतं. युसूफभाईलाही वर बघितलं की लाल फडकं दिसणार. दुकानात पडून असलेलं सामान. आणि काम किती? मी घड्याळ बघून केलं. पाऊण तास. त्या दिवशी सकाळी चहाला वर आलो असतो, तर चहा थंड व्हायच्या आत हे मला सुचलं असतं.

क्लॅम्प आवळले. मी ग्रीलमधनं हात घालून आरसा सरकवत होतो आणि खाटेवरनं त्या सांगत होत्या, "थोडा भाईर. जरा वर. आता खाली. बास."

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय. पार मेन रोडपस्तोर. समदं दिसतंय."

मला बरं वाटलं. मी हत्यारं गोळा करायला लागलो. त्या अजून आरशाकडंच बघत होत्या. भाऊ म्हणाला, उद्या त्याला गावाकडं परत जावं लागणार, त्याची मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर आहेत.

मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "टँकर दिसंल, मामा. पण आता उतरंल कोण?"

मी पिशवी तिथंच भिंतीला टेकवून ठेवली, दाराशी असलेले दोन्ही कॅन उचलले आणि टँकर यायच्या आधीच खाली जाऊन रांगेत उभा राहिलो.